पांढरी दोनमधलं गाणं

जॉर्डन ग्रोव्ह, मिसिसिपी
१६ ऑक्टोबर १९९४

प्रिय अर्लीन,

ख्रिसमसची कार्डं सोडली तर आपल्यात पत्र असं कित्येक वर्षांत झालेलं नाही. त्यामुळे हे जाड पाकीट बघून तू आधी दचकशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. जायचं ते माणूस फेब्रुवारीत गेलं, ते तुला फोनवर सांगितलं होतं. तू "बरं, कळलं" म्हणालीस. तुझ्या मागे कुणाच्या तरी घरातला टीव्ही चालू होता, तो मी ऐकत बसलो. दफनाच्या दिवशी शिकागोहून फुलं आली, चिठ्ठीवर नाव नव्हतं. पास्टरांनी विचारलं, "कुणाची म्हणून सांगू?" मी म्हटलं, "लेकीची." ती मी आईच्या पायाशी ठेवली. डोक्याशी चर्चच्या बायकांची होती.

इकडे कापूस वेचून झाला. म्हणजे यंत्रांनी वेचून झाला. आपण तिघं मिळून महिनाभर ज्या पट्ट्यात वाकायचो तो पट्टा आता एक माणूस दुपारच्या जेवणाआधी संपवतो, आणि वर बसल्या बसल्या रेडिओ ऐकतो. मी अजून शाळेची बस चालवतो. मळ्यावरची घरं पाडून तिथे माशांचे तलाव केलेत. आपलं घर कुठे होतं ते एका पेकानच्या झाडावरून कळतं, बाकी सगळं पाणी. आता राहतो ते चर्चच्या पलीकडचं घर तू पाहिलेलं नाहीस. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. लग्न मी केलं नाही ते नाहीच, आता कोण देणार मुलगी. ओसरीवर आईची खुर्ची आहे, ती मी आत घेतलेली नाही. पोस्टमन आला की अजून माझा घसा आपोआप साफ होतो. आईला अक्षर येत नव्हतं हे तुला मी काय सांगायचं. विजेचं बिल, दवाखान्याचा कागद, तुझी पत्रं, सगळं मी मोठ्याने वाचायचो, उत्तरंही मीच लिहायचो. ती सांगायची, मी लिहायचो, मग ती माझ्या हातावर हात ठेवून खाली फुली मारायची. मी चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत तर तिने तीही फुली मारायची सोडून दिली होती. म्हणायची, "तुझा हात तो माझाच."

चर्चमध्येही माझं काम तेच आहे. मी आता डीकन आहे, पास्टरांचा मदतनीस, म्हणून भजनाची ओळ मी द्यायची. म्हाताऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही, आणि पुस्तकंही पुरत नाहीत, म्हणून जुनी रीत अजून चालू आहे. मी उभा राहून एक ओळ भरभर म्हणतो आणि मग सगळे तीच ओळ ओढून ओढून, नदीसारखी संथ गातात. तुला आठवत असेल. तुझा आवाज त्यात सगळ्यात वर असायचा. मी देईन ती ओळ ते गातात, कुणी कधी मान वळवून पुस्तकात बघत नाही. एकदा माझ्याकडून दोन ओळी गळल्या तर साठ माणसं तेवढ्या गाळून पुढे गेली. व्हर्नेटाबाई पियानोवरून म्हणाली, "डीकन, आज देवाला घाई होती वाटतं." ती सत्तरीची झाली, तरी जीभ तशीच आहे.

तुला हे सगळं लिहितोय ते बाबांच्या गाण्यावरून. आता तरी नाव काढतो. ते गेले त्या दिवशी तू चौदाची होतीस, तुला माझ्याहून जास्त आठवत असणार. मला त्यांनी मळ्याच्या मुकादमावर हात उगारला तो आठवत नाही. संध्याकाळ पडायच्या आत त्यांनी बांधाच्या वाटेने पळ काढला ते आठवतं. गिटार गोणपाटात गुंडाळलेली होती. आई दारात उभी होती. ते म्हणाले, "मेम्फिसला जातो. चिठ्ठी धाडता यायची नाही, टपाल सगळं मळ्याच्या दुकानातून येतं, तो मुकादम वाचेल. पण मी गाणं धाडीन. रेकॉर्ड काढीन आणि त्यात तुझं नाव घालीन. कुठेतरी वाजेल. तुला कळेल." आई म्हणाली, "मी असल्या ठिकाणी जात नाही जिथे असली गाणी वाजतात." बाबा हसले. "मग दारावरून जात जा की, मोझेल. दारावरून जायला पाप नाही."

आणि ती जात राहिली. शनिवारी बाजाराला गेली की ज्या ज्या दुकानात गाण्याची पेटी असे त्याच्या दारात तिच्या बुटात खडा जायचा. ती वाकून बूट काढायची, झटकायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. एवढं एक गाणं संपायचं. मी पिशवी धरून उभा. मला लाज वाटायची, कारण पोरं म्हणायची, "होझियाच्या आईचे पाय काय दगडाच्या खाणीतून येतात काय रे?" एकसष्ट साली बाबा मेम्फिसच्या सरकारी दवाखान्यात गेल्याचा आणि गरिबांच्या जमिनीत पुरल्याचा निरोप आला. तोही दोन महिने उशिरा. त्यानंतरही तिच्या बुटात खडे जात राहिले. मी एकदा चिडून म्हटलं, "आता कशाला? माणूस गेला." ती म्हणाली, "माणूस गेला. त्याने काय म्हटलं होतं ते कुठे गेलंय?" तिला एवढंच हवं होतं, अर्लीन. तो शब्दाला जागला की नाही. बायका मागे लागल्या तरी तिने दुसरं लग्न केलं नाही. दफनभूमीत तिने दोन जागा घेतल्या होत्या, एक त्या माणसासाठी ज्याला मेम्फिसमधून आणता येणार नव्हतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, चर्चच्या वार्षिक जेवणाच्या रविवारी एक गोरा माणूस आला. उंच, उन्हाने लाल झालेला. आधी सगळ्यांना वाटलं विम्याचा असेल. त्याचं नाव वाउटर, बेल्जियमचा. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून आपल्या लोकांची चाळीस-पन्नास सालची गाणी शोधून, साफ करून, पेट्या काढून विकतात. एका पेटीत चार-पाच सीडीच्या चकत्या आणि एक जाड पुस्तक. आपण ज्या तबकड्या कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकल्या त्या हे लोक हातात पांढरे मोजे घालून धरतात. बायकांनी त्याला झाडाखाली बसवून तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव असं सगळं ताटभर वाढलं. व्हर्नेटाबाई म्हणाली, "खा बाबा, तुमच्याकडे जेवण मिळत नसेल म्हणूनच तुम्ही इतक्या लांब गाणी खायला येता." तो हसला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग त्याने विचारलं, "इथे मोझेल मेब्री कोण?"

त्याचं म्हणणं असं. चोपन्न साली मेम्फिसमधल्या एका माणसाने शिवणयंत्राच्या दुकानामागच्या खोलीत काही गाणी टिपून घेतली होती. त्यातली एक तबकडी जगात एकच उरली आहे. त्यावर गायकाचं नाव स्लिम वॉकर. या नावाचा माणूसच नाही, पळून आलेल्या कुणीतरी घेतलेलं नाव. पण त्या खोलीत ढोल वाजवणारा एक म्हातारा मेम्फिसमध्ये अजून होता, आणि तो वाउटरला म्हणाला, "स्लिम कसला, तो मेब्री होता. खालच्या कापसाच्या मुलखातला. बायकोचं नाव मोझेल, दिवसातून दहादा घ्यायचा." गाण्यातही मोझेल हे नाव होतं. वाउटरला घरच्यांकडून खात्री हवी होती. तसं झालं तर पुस्तकात खरं नाव छापता येईल, फोटो असेल तर फोटोही. फोटो आपल्याकडे नव्हताच.

जेवण झाल्यावर तो घरी आला. आईला तेव्हा दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिने रविवारचा झगा बदलला नाही. खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर. वाउटरने टेप लावली. आधी खरखर, जशी तव्यावर चरबी तडतडते तशी. मग गिटार, माउथऑर्गन आणि एक बारीक, घाईतला, चढा आवाज. कुणी मिसरूड न फुटलेला पोर धावत धावत गातोय असा. शब्द एकमेकांवर पडत होते. 'मोझेल' तेवढं कळलं. आई पुढे झुकली. "परत लाव," म्हणाली. त्याने परत लावली. तिसऱ्यांदा लावली. मग तिने माझ्या दिशेने तोंड वळवलं. "होझिया, माझे कान म्हातारे झाले. चाळीस वर्षं झाली. तू सांग. हा ल्यूथर आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "नाव माझंच घेतोय ना पण?" मी म्हटलं, "आई, मोझेल नावाच्या बायका या राज्यात काय कमी आहेत? हा कुणी वीस वर्षांचा मुलगा आहे. बाबा तेव्हा अडतीसचे होते, आणि त्यांचा आवाज बांधाच्या पलीकडून यायचा तसा जाड." वाउटरने विचारलं, घरात आणखी कुणी आहे का, ज्याने त्या काळी हे गाणं कुठे ऐकलं असेल? मी म्हटलं, कुणी नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मग त्याला लेखी हवं होतं, आणि मी लिहून दिलं: देवाला साक्षी ठेवून सांगतो की हा माझ्या वडिलांचा आवाज नाही. डीकनने असं लिहून दिल्यावर त्या बिचाऱ्याने ते खरं धरलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, आईचा हात हातात घेतला, आणि गेला. गाडी वळल्याचा आवाज तिने ऐकला. मग म्हणाली, "नाही तर नाही."

त्यानंतर ती बदलली. आजारी पडली नाही, भांडली नाही. फक्त तिच्यातून काहीतरी निघून गेलं. शनिवारी बाजाराला न्यायचं म्हटलं की "नको, तूच जा." दिवाळखोर दुकानात शेवटी मालकही माल झाकायचं सोडून देतो, तशी ती केस बांधायचं सोडून बसायची. नाताळच्या सुमारास एकदा मला म्हणाली, "दुसऱ्या जागेवर कुणाचं नाव कोरू नकोस. विकून टाक ती जागा. डेफोर्डच्या लेकाला हवी आहे." मी म्हटलं, "चाळीस वर्षं राखलीस आणि आता?" ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी एका माणसाच्या शब्दावर बसले होते. जगात एकच गाणं उरलं, तेही दुसऱ्या मोझेलचं. देवाने याहून स्पष्ट काय सांगायचं?" फेब्रुवारीत थंडी वाजून ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. शेवटच्या दिवसात बाबांचं नाव तिने घेतलं नाही. ती जागा मी विकली. डेफोर्डचा लेक गेल्या महिन्यात त्यात झोपला.

मे महिन्यात वाउटरने कबूल केल्याप्रमाणे पेटी पाठवली. सुंदर काम आहे, खोटं कशाला बोलू. चकत्या घरात कशावर वाजवायच्या हा प्रश्न होता, म्हणून ती चर्चमध्ये नेली. तिथे आमच्याकडे सीडी आणि टेप दोन्ही चालणारं एक यंत्र आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना पास्टरांचा उपदेश टेपवर पोहोचवायचा म्हणून घेतलेलं. यादी माझ्याकडे असते, दर सोमवारी अकरा टेपा घरोघरी. पुस्तकात त्या गाण्याखाली लिहिलं होतं: गायक अज्ञात, ल्यूथर मेब्री याचं नाव पुढे आलं होतं, परंतु कुटुंबाने ते ठामपणे नाकारलं. ठामपणे हा शब्द मी बराच वेळ बघत बसलो. व्हर्नेटाबाई पियानो पुसत होती. तिला ते गाणं आवडलं आणि ती सोबत वाजवायला बसली. दोन-तीनदा हात फिरवला आणि थांबली. "डीकन, हे गाणं आहे कुठे? मी पांढरी तीनच्या पट्टीवर जाते तर ते वर, पांढरी चारवर जाते तर ते खाली. हे पट्ट्यांच्या फटीत पडलंय."

मी म्हटलं, गिटार कशीही लावता येते, त्यात काय. ती म्हणाली, "गिटार कशीही लागते हो, पण माउथऑर्गन? तो दुकानातून आणतात. ठरलेल्या पट्टीचा असतो. फटीतला माउथऑर्गन आजवर कुणी बनवला नाही. माझा नवरा तोच वाजवून वाया गेला, मला शिकवू नका." मग तिने डोळे बारीक केले. "त्या शिवणयंत्राच्या दुकानात वीज मरतुकडी असणार. टिपून घेताना यंत्र सावकाश फिरलं, की वाजवताना गाणं पळतं. उपदेशाच्या टेपवर वेग चुकवून तुम्ही नाही का मागे एकदा पास्टरांचा कोंबडा करून ठेवलात?" ते खरं होतं. त्या यंत्राला वेगाची एक कळ आहे. मी गाणं टेपवर घेतलं आणि कळ हळूहळू मागे फिरवायला लागलो, आणि ती पियानोवर एकेक पट्टी दाबत मला सांगत राहिली. पांढरी तीनवर आणलं. अजून कुणी तरुण पोरगाच. "अजून खाली," ती म्हणाली. "माणसाचा श्वास ऐका, श्वास अजून पळतोय." पांढरी दोनवर माउथऑर्गन आणि पियानो एक झाले आणि त्या रिकाम्या चर्चमध्ये बाबा उभे राहिले.

काय सांगू. ओळ संपताना ते घशात जो एक खर्ज सोडायचे, नांगराच्या खेचराला थांबवताना सोडायचे तोच, तो होता. व्हर्नेटाबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिने पियानोचं झाकण लावलं. आणि संथ झाल्यावर शब्दही सुटे झाले. शेवटचं कडवं, जे आईच्या खोलीत नुसती किलबिल होतं, ते आता कुणालाही कळेल. ते म्हणतात: मोझेल, मला मागे फिरायची वाट नाही, तू गाडीने ये, स्टेशनामागे लोहार आहे, त्याच्या माडीवर मी राहतो, पोरांना आण, नाही जमलं तर एकटी ये, मी रोज संध्याकाळची गाडी बघून येतो. बस, इतकंच गाणं. ते ब्लूज नव्हतंच. ते पत्र होतं. लिहिता न येणाऱ्या माणसाने वाचता न येणाऱ्या बायकोला धाडलेलं.

मी वाउटरला लिहिलं. त्याचं उत्तर जुलैत आलं, चांगल्या माणसाचं उत्तर होतं. त्याने स्वतःही गाणं सावकाश करून पाहिलं आणि त्याला पटलं. पण पेट्या छापून, विकून झाल्या होत्या. त्यांचं ते छोटं काम आता बंद होतंय, दोघा मित्रांनी अंग काढून घेतलं. पुन्हा कुणी छापणार नाही. तो ढोलवाला म्हातारा वारला. ती एकुलती तबकडी लिलावात कुणाला दार न उघडणाऱ्या एका संग्राहकाकडे गेली. जिथे जिथे ते पुस्तक जाईल तिथे बाबा अज्ञात राहतील, आणि खाली माझा नकार राहील. त्याने मला दोष दिला नाही. "वेग चुकीचा होता, तुम्ही काय करणार," असं लिहिलं. व्हर्नेटाबाईही तेच म्हणते. ती म्हणाली, टेप घेऊन कबरीपाशी जा, तिला ऐकव. मी नेली नाही. त्याने माझं समाधान झालं असतं, तिचं नाही. आणि त्या कबरीच्या शेजारी आता डेफोर्डचा लेक आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो, अर्लीन, कारण वेगाचं कारण तुझ्यापुढे टिकत नाही. एकोणसाठच्या मार्चमध्ये, शिकागोच्या मासे तळायच्या एका दुकानात पेटीवर तू ती तबकडी ऐकलीस, याच पळत्या वेगात, आणि पहिल्याच ओळीला ओळखलंस. तुला पियानो लागला नाही. पुन्हा पुन्हा लावून शब्द पकडलेस आणि चार पानं लिहिलीस: लोहार, माडी, संध्याकाळची गाडी, सगळं. आणि खाली लिहिलंस, गाणं आईला बोलावतंय, मला नाही, म्हणून ती हो म्हणाली तर मी येऊन तिला मेम्फिसला घेऊन जाईन, नको म्हणाली तर हा विषय पुन्हा काढणार नाही. बाबा तेव्हा जिवंत होते. पुढे दोन वर्षं होते. तुला उत्तर आलं: आई म्हणते, ज्या घरात असली गाणी वाजतात तिथून आलेला निरोप मला नको, आणि तूही येऊ नकोस. तू शब्द पाळलास. आलीच नाहीस, पस्तीस वर्षं. ते उत्तर आईचं नव्हतं. तिने तुला कधी नको म्हटलं नाही, कारण तुला काय विचारायचं होतं हेच तिला माहीत नव्हतं. मी चौदाचा होतो, पंधरा दिवसांपूर्वी माझा बाप्तिस्मा झाला होता, आणि मला वाटलं मी तिचा आत्मा वाचवतोय. पण खरं म्हणजे मला वाटलं ती जाईल आणि मी इथे राहीन. तुझं पत्र मी चुलीत घातलं. वर्षभरापूर्वी खोलीत टेप वाजली तेव्हा मी तो आवाज ओळखला नाही हे खरं, पण ओळखायचा प्रयत्नही केला नाही, कारण तुझं पत्र खोटं असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं; ते बाबा असतील तर तू खोटी नव्हतीस, आणि तू खोटी नसशील तर मला तिथेच, त्या परक्या माणसासमोर, तिला सगळं सांगावं लागलं असतं. तू क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. ज्याने क्षमा करायची ते माणूस उरलेलं नाही. टेप पाठवतोय, पांढरी दोनवर आणलेली. आणि एक गोष्ट तुझी आहे ती तुला देतो. त्या मार्चमध्ये तुझ्या चार पानांतलं मी तिला हवा, बर्फ आणि मावशीचा खोकला एवढं वाचून दाखवलं, तेव्हा तिने माझ्या हातातले कागद चाचपून मोजले. म्हणाली, "चार आहेत. वाच ना." मी म्हटलं, "अक्षर मोठं आहे तिचं." तिने मान हलवली आणि ते कागद माझ्या हातून घेऊन, चुलीत जाईपर्यंत, दिवसभर स्वतःच्या एप्रनखाली धरून ठेवले.

ज्याचा तुझा म्हणवून घेण्याचा हक्क त्या दिवशी संपला, तो तरीही तुझाच भाऊ,
होझिया